धाकू तांडेलाचा फोटो

“ही जाकिटं माझ्या होडीची नायत,” धाकू तांडेल म्हणाले आणि हातातलं नारिंगी जाकीट त्यांनी धक्क्यावर टाकून दिलं. “कॅमेरा ठेव आत, बाय.”

जुलैचा शेवटचा आठवडा होता. दुपारी पावसाने जरा उघडीप दिली होती आणि तेवढ्या उजेडात मला आंबोळशी बंदरातले अकरा ट्रॉलर उरकायचे होते. सात झाले होते. आठवा ‘भैरीप्रसाद’; धाकू हे त्याचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. मच्छीमारीची बंदी उठायच्या आधी परवान्याच्या अर्जाला होडीचा आणि तिच्यावरच्या साहित्याचा फोटो जोडावा लागे. विम्याच्या कागदांनाही तोच फोटो लागे. हे काम माझे बाबा करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली तेव्हापासून शिरधनकर फोटो स्टुडिओ माझ्याकडे आला, आणि त्याच्याबरोबर हे बंदराचं कामही. मी सत्तावीस वर्षांची होते. अंगात घाई होती.

आमच्या बंदरात बाईमाणसाने ट्रॉलरवर पाय ठेवायचा नाही अशी रीत. बाबा डेकवर चढून एकेक वस्तू जागच्या जागी टिपायचे. मला ते करता येत नव्हतं, म्हणून सगळं साहित्य धक्क्यावर आणून मांडायचं ठरलं. मागे होडी, तिचं नाव आणि नंबर दिसेल अशी. पुढे नांगर, वायरचं वेटोळं, जाळ्याचं तोंड पाण्यात उघडं ठेवणाऱ्या त्या लोखंड ठोकलेल्या दोन जड फळ्या, जाळ्याचा ढीग, आणि सगळ्यात पुढे लाइफ जाकिटं आणि पाण्यात फेकायच्या गोल रिंगा. नांगर आणि जाळी ज्याची त्याची होती. जाकिटं मात्र मच्छीमार सोसायटीचे दोन हमाल एका होडीपुढून उचलत आणि पुढच्या होडीपुढे मांडत. नऊ जाकिटं. त्यातल्या एकाचा खांद्याचा पट्टा तुटला होता आणि कोणीतरी तो जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने शिवला होता. सकाळपासून तो निळा टाका मी सात वेळा पाहिला होता. मला कळत नव्हतं असं नाही.

“धाकू, आता काय काढलंस?” मनोहरकाका कीर छत्री सावरत आले. ‘भैरीप्रसाद’ त्यांची, आणखी दोन ट्रॉलर त्यांचे, आणि सोसायटीचे चेअरमनही तेच. बाबांचे जुने स्नेही. बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्या दिवशी त्यांनीच स्वतःच्या गाडीतून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं होतं.

“शेठ, जाकिटं द्या, मग फोटो काढा,” धाकू तांडेल म्हणाले. “सा माणसं हायत माझ्या होडीवर. दर्यात काय झालं तर काय फोटो बांधू त्यांच्या छातीला?”

“देणार आहे रे. मागवली आहेत. आली की पहिली तुझ्या होडीला.”

“गेल्या वर्षी पण मागवलीत.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पश्चिमेकडून आभाळ पुन्हा काळं होत आलं होतं. उरलेल्या चार होड्या आज झाल्या नाहीत तर उद्याचा दिवस जाणार, आणि उद्या माझ्याकडे साखरपुड्याची ऑर्डर होती. मीच पुढे झाले.

“धाकूदादा, उभे राहा हो,” मी म्हटलं. “एक फोटोच तर आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लहान असताना बाबांबरोबर बंदरावर यायची तेव्हा ते मला उचलून बर्फाच्या पेटीवर बसवायचे, त्यामुळे माझा शब्द मोडणं त्यांना जड गेलं असावं. ते वाकले, टाकलेलं जाकीट उचललं आणि उभे राहिले. त्यांच्या शेजारी त्यांचा भाचा दत्ताराम येऊन उभा राहिला. तो चोवीस वर्षांचा, त्याच होडीवर खलाशी. त्याने बनियनवरच जाकीट चढवलं, पट्टे आवळले आणि छाती फुगवून म्हणाला, “रेवाताय, एक माझा एकट्याचा पण काढ. बायकोला दाखवीन.”

मी दोन्ही काढले. अकरावी होडी होता होता पाऊस आला, पण तोवर काम उरकलं होतं.

धाकूदादांना मूलबाळ नव्हतं. बायको तरुणपणीच गेली. त्यांची धाकटी बहीण आनंदी बाजारात मासळी विकायची. दत्तू दोन वर्षांचा असताना तिचा नवरा कावीळ होऊन वारला, तेव्हा धाकूदादांनी बहिणीला आणि भाच्याला आपल्या घरी आणलं. दत्तूला पोहायला त्यांनी शिकवलं, सुकाणू त्यांनी हातात दिलं, लग्नात मामाच्या आणि बापाच्याही जागी तेच उभे राहिले. ते फोटो मीच काढले होते. आनंदीअक्का गावभर सांगायची, माझा भाऊ म्हणजे माझ्या पोराचा बाप.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ‘भैरीप्रसाद’ बुडाली.

किनाऱ्यापासून बरीच आत, दुपारच्या वेळी. वारा होता, पण होड्या परत फिरवाव्यात इतका नव्हता. ओढत असलेलं जाळं खाली खडकात अडकलं. मागून लाटा येत होत्या आणि जाळं होडीची शेपटी खाली खेचत होतं. वायर सोडायला ती गुंडाळणारा विंच सुटेना. धाकूदादांनी कुऱ्हाडीने जाळ्याच्या दोन्ही वायरी तोडायला सांगितलं. दत्तू कुऱ्हाड घेऊन मागे धावला. एक वायर तुटली, दुसरी तुटली नाही, आणि होडी एका अंगावर कलंडली ती उठलीच नाही. हे सगळं सांगायला दोघेच उरले. धाकूदादा आणि एक नेपाळी खलाशी. डिझेलचा रिकामा कॅन दोघांच्या हाती लागला, त्याला धरून ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तरंगत राहिले. मग दुसऱ्या बंदराच्या ट्रॉलरने त्यांना उचललं. बाकीचे चौघे गेले. दोघे गुहागरकडचे सख्खे भाऊ, एक आमच्याच वाडीतला, आणि दत्तू. दत्तूचं प्रेत तिसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी लागलं. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती.

नेपाळी खलाशी आठवड्याभरात कोणाला न सांगता गावी निघून गेला. राहिले धाकूदादा. पोलिसांनी विचारलं, मच्छीमार खात्याच्या लोकांनी विचारलं, गावाने विचारलं. सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं: “होडीवर एक पण जाकीट नव्हतं. असतं तर दत्तू वाचला असता. तो शेवटपर्यंत पोहत हुता. हात उचलेनात तवर पोहत हुता.”

पण फायलीत माझा फोटो होता. मागे ‘भैरीप्रसाद’चं नाव, नंबर, पुढे नऊ नारिंगी जाकिटं, आणि त्यांच्या शेजारी स्वतः तांडेल. फोटो चांगला आला होता. एकेक जाकीट मोजता येत होतं.

गाव कुजबुजू लागलं. तांडेल स्वतःची कातडी वाचवतोय. जाकिटं खाली कोंबून ठेवली असतील, पोरांना घाला म्हणाला नसेल, आता मेलेल्यांच्या मागे खोटं बोलतोय. बाकीच्या दहा होड्यांच्या मालकांना आणि तांडेलांना खरं ठाऊक होतं. पण बोललं तर सगळ्यांचेच परवाने जाणार. हंगाम नुकता सुरू झाला होता. कोणी बोललं नाही.

मीही नाही.

मग एके दिवशी आनंदीअक्का स्टुडिओत आली. डोक्यावर टोपली नव्हती, तसं मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. काउंटरला धरून ती उभी राहिली.

“तो फोटो दाखव गो मला.”

मी कॉम्प्युटरवर दाखवला. तिने भावाकडे पाहिलंच नाही. दत्तूच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं, मग त्याच्या छातीवरच्या जाकिटावर.

“हे घातलं की माणूस बुडत नाय?”

“नाही बुडत, अक्का.”

“लाटेत पण नाय?”

“डोकं वर राहतं.”

“मग घातलं का नाय त्यानं?” ती मलाच विचारत होती. “हितं तर घातलंय. हसतोय बघ. मग तिथं का नाय घातलं? मामानं घाल म्हटलं नाय म्हणून ना?”

मला तेव्हाच बोलता आलं असतं. मागच्या खोलीत बाबा खाटेवर पडले होते, त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला. तिने तो घेतला नाही. “तो एकट्याचा काढलेला असंल तर दे,” म्हणाली. मी छापून दिला. तो पदराखाली धरून ती गेली.

त्या दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि अकराच्या अकरा होड्यांचे फोटो मोठे करून छापले. काउंटरवर ओळीने मांडले. अकरा नावं, अकरा नंबर, आणि प्रत्येकात तोच निळा टाका. एवढं आंधळ्यालाही दिसलं असतं. मी ते सगळे एका जाड पाकिटात घातले. सोमवारी सोसायटीच्या हॉलमध्ये चौकशी होती, आणि फोटोग्राफर म्हणून मलाही नोटीस आली होती.

शनिवारी मनोहरकाका घरी आले. बाबांच्या पायाशी बसले, त्यांचा लुळा हात हातात घेतला. जाताना दारात थांबून मला म्हणाले, “रेवती, तुला विचारतील ते एवढंच, की फोटो तू काढलास का. तेवढंच सांग. खोटं बोल असं मी म्हणत नाही.”

“काका, जाकिटं कधी आली असती?”

रागावतील असं वाटलं, पण ते खचलेले दिसत होते. “मागवली होती गं,” म्हणाले. “खरंच मागवली होती.” आणि चपला घालून गेले. ते खरं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही.

सोमवारी हॉल भरला होता. पुढच्या टेबलाशी चौकशीचे साहेब, त्यांच्या शेजारी विमा कंपनीचा माणूस. एका बाजूला मनोहरकाका आणि मालक मंडळी. दाराशी बायका उभ्या होत्या, त्यात आनंदीअक्का आणि तिला टेकलेली तिची सून. गुहागरच्या त्या दोन भावांचा म्हातारा बापही आला होता. तो नुसता फायलींकडे बघत होता. मी भिंतीकडेच्या बाकावर पाकीट मांडीवर घेऊन बसले. मन पक्कं होतं.

सुरुवातीलाच विमा कंपनीचा माणूस उठला. तरुण होता, सभ्य होता.

“साहेब, एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो,” तो म्हणाला. “होडीवर सुरक्षेचं साहित्यच नव्हतं असं निघालं, तर मालकाने अटी मोडल्या असा त्याचा अर्थ होतो. मग पॉलिसी रद्द. होडीची भरपाई नाही आणि गेलेल्या खलाशांच्या घरच्यांनाही काही नाही. साहित्य होतं पण वापरलं गेलं नाही, तर तो तांडेलाचा निष्काळजीपणा. त्यात भरपाई अडत नाही. लोकांचा मागाहून गैरसमज नको म्हणून सांगितलं.”

साहेबांनी मान हलवली आणि धाकूदादांना पुढे बोलावलं.

ते पुढे आले. खाऱ्या पाण्याने सोलवटलेली त्यांच्या हातांची कातडी अजून भरली नव्हती. ते टेबलापाशी उभे राहिले. त्यांनी एकदा वळून त्या गुहागरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

“तांडेल, तुमचा जबाब माझ्यापुढे आहे,” साहेब म्हणाले. “होडीवर जाकीट नव्हतं असं तुम्ही म्हणता. फोटोत मात्र दिसतात. काय खरं समजायचं?”

“फोटो खरा हाय,” धाकूदादा म्हणाले.

साहेबांनी कागदावरून मान वर केली.

“म्हणजे?”

“जाकिटं हुती. खाली ठेवली हुती. पोरांना उकडतं, कामात अडचण होते, म्हणून मी घाला म्हटलं नाय. आधी खोटं बोललो. भ्यालो.”

“हे तुम्ही विचार करून सांगताय?”

“व्हय.”

मी मनोहरकाकांकडे पाहिलं. तेही तोंड उघडं टाकून धाकूदादांकडेच बघत होते, म्हणजे हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. “मॅडम, फोटो तुम्ही काढलात?”

“हो.”

“ही जाकिटं याच होडीवरची होती?”

मी उभी राहिले. पाकिटाचं तोंड मी घरूनच उघडून आणलं होतं, नुसतं पुढे करायचं होतं. धाकूदादांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी काही सांगितलं वगैरे नाही. नुसतं पाहिलं, जसं समोरच्या होडीने वाट द्यावी म्हणून माणूस थांबून बघतो तसं.

“हो,” मी म्हटलं. “याच होडीवरची.”

एवढं बोलून मी खाली बसले. का बोलले ते मला त्या क्षणी कळलं नव्हतं.

दाराशी हालचाल झाली. आनंदीअक्का गर्दीतून पुढे आली. दाराजवळचा एक पोलीस अडवायला उठला, पण साहेबांनी हाताने त्याला थांबवलं. ती भावासमोर येऊन उभी राहिली. त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

“पुन्हा बोल,” ती म्हणाली.

“आनंदी...”

“काय बोललास ते पुन्हा बोल.”

“जाकिटं हुती,” ते म्हणाले. “मी घाला म्हटलं नाय.”

“पुन्हा.”

त्यांनी पुन्हा सांगितलं. आवाज अजिबात हलला नाही. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हाही त्यांनी तेच, तसंच सांगितलं. मग ती वळली, सुनेचा हात धरला आणि निघून गेली. त्याच संध्याकाळी तिने धाकूदादांचं घर सोडलं आणि बाजाराच्या मागे एक खोली घेतली.

मी त्यांना धक्क्यावर गाठलं. हॉल रिकामा व्हायच्या आत ते तिथे येऊन दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसले होते. भरती होती. बांधलेले ट्रॉलर एकमेकांना घासत होते.

“का केलंत असं?” मी पाकीट त्यांच्यापुढे धरलं. “हे सगळे फोटो घेऊन आले होते मी. तुम्ही खरे आहात हे दाखवायला.”

“ठाऊक हाय. त्या पाकिटावरनं तुझा हात निघत नव्हता, तवाच कळलं.” त्यांनी पाकीट घेतलं नाही. “तो विम्यावाला काय बोलला ते ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग झालं तर. मी खरा ठरलो तर त्या म्हाताऱ्याला काय नाय. दोन्ही पोरं गेली त्याची. दत्तूच्या बायकोला काय नाय. दोन महिन्यांत बाळंत व्हायची ती.”

“पण मनोहरकाकांनाही भरपाई मिळेल. ज्यांच्यामुळे...”

“मिळू दे. दोन्ही एकाच दोरीला बांधलंय. एक सोडून दुसरं ओढता येत नाय.”

“आणि आनंदीअक्का? तिला तरी सांगा.”

ते पहिल्यांदा घाबरलेले दिसले. “तिला नाय. तिला कळलं तर ती गप बसायची नाय. साहेबाच्या टेबलावर ते पैसे फेकून येईल ती. मी हाय तवर तिला सांगायचं नाय, बाय. माझी शपथ हाय तुला.”

मी शपथ घेतली. मग जे बोलायला आले होते ते बोलले.

“त्या दिवशी तुम्ही नको म्हणत होतात. मी म्हटलं, उभे राहा.”

तुझा काय दोष, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर त्याचसाठी मी बोलले होते.

“व्हय,” ते म्हणाले. “म्हटलंस.” मग बांधलेल्या होड्यांकडे बघत, “आणि मी ऱ्हायलो.”

ते उठून गेले. मी ते पाकीट घरी आणलं आणि पाण्याच्या बंबात घालून जाळलं.

भरपाई मिळाली. मनोहरकाकांनी पुढच्या दसऱ्याला नवा ट्रॉलर पाण्यात घातला. दत्तूच्या बायकोला मुलगी झाली. धाकूदादांचं तांडेलपण गेलं. खटला उभा राहिला नाही, पण आमच्या किनाऱ्यावर त्यांना पुन्हा कोणी होडीवर घेतलं नाही. सोसायटीच्या शेडमध्ये बसून ते फाटकी जाळी शिवत. बायका बाजारातून घरी जाताना त्या शेडवरून जायच्या. आनंदीअक्का रोज तिथे थांबायची, भावाच्या नावाने चार शिव्या द्यायची आणि पुढे जायची. दत्तूची मुलगी चालायला लागल्यावर तिलाही सोबत आणायची. धाकूदादा मान वर करत नसत. पण पोरगी यायच्या वेळेला ते शेडच्या आतून उठून दाराशी येऊन बसत, हे मी पुष्कळदा पाहिलं.

दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये सोसायटीचा निरोप आला तेव्हा मी सांगितलं, साहित्य धक्क्यावर मांडायचं नाही, मी होडीवर येऊन बघणार. चार म्हाताऱ्या तांडेलांनी आरडाओरडा केला. मी फळीवरून चालत पहिल्या ट्रॉलरवर चढले आणि जाकिटं मोजली. नव्हती. मी उतरले, पुढच्या होडीवर चढले. तिथेही नव्हती. “जाकिटं येतील तेव्हा बोलवा,” म्हणून घरी आले. बारा दिवसांनी टेम्पो भरून जाकिटं आली आणि प्रत्येकावर होडीचं नाव रंगवलेलं होतं. त्यात माझा मोठेपणा काहीच नाही. चार माणसं गेल्यावर कोणीही ते केलं असतं.

धाकूदादा अकरा वर्षांनी गेले, मार्च महिन्यात. शेडमध्येच, जाळं मांडीवर घेऊन बसल्या बसल्या. माझे बाबा त्याआधीच गेले होते. आनंदीअक्का आली नाही. तिने त्या दिवशीही बाजारात मासळी विकली.

तेरा दिवस मी थांबले. चौदाव्या दिवशी दुपारी, बाजार ओसरल्यावर, तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. ती कोयतीवर उरलेल्या मोडोशा साफ करत होती. मी तिच्या समोर पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. नऊ जाकिटं, अकरा होड्या, माझं ‘उभे राहा’, हॉलमधलं, धक्क्यावरचं. काहीच वगळलं नाही. ती सगळा वेळ मासे साफ करत राहिली. मी थांबले तेव्हा तिने कोयती आडवी ठेवली.

“हे तू आता सांगतेस?”

“त्यांनी शपथ घातली होती, अक्का.”

“मग नको सांगायचं हुतंस.” तिचा आवाज चढला नाही. “अकरा वर्षं रोज त्याला शिव्या घालून मी घरी जात हुते. त्याच्यावर जगले मी. आता कोणाला घालू? तुला?”

“मला घाला.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून थांबले. तिने तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, पदराला पुसले.

“अग्नी कोणी दिला त्याला?” तिने विचारलं.

“सोसायटीच्या वॉचमनने.”

“तो कोण?”

“परगावचा आहे. चार महिने झाले येऊन.”

तिचा चेहरा हलला. ओठ घट्ट मिटून ती उठली. गुडघ्यांवर हात टेकत उठावं लागलं तिला.

“कुठल्या मसणात? वाडीतल्या की खाडीवरच्या?”

“खाडीवरच्या,” मी सांगितलं.

“मी पण येते,” मी उठत म्हटलं.

“तू नको,” ती म्हणाली. “तू हितं बस.”

अनवाणीच निघाली. मार्चचं ऊन, खाली तापलेली खडी, आणि ती खाडीच्या बाजूला चालत गेली, एकदाही मागे न बघता. मी तिच्या जागेवर बसले. एक गिऱ्हाईक आलं, मोडोशांचा भाव विचारू लागलं. मला भाव ठाऊक नव्हता. “बाई येतील आता,” म्हणून मी त्याला सांगितलं. तेही जरा थांबलं आणि मग निघून गेलं. ऊन उतरलं, शेजारच्या बायकांनी टोपल्या आवरल्या, तरी मी तिथेच बसून होते.